तिच्या बाजूनं काही नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

सर ब्रश धुता धुता म्हणाले, "रविवारी मी नाही बरं का पवन, कल्याणीला पाहायला येऊन राहिले," आणि त्या क्षणी सगळं बदललं. त्याआधी मी शाळेच्या भिंतीवर अक्षरं काढणारा माणूस होतो. आता कोण आहे ते धड लिहिता येत नाही.

निळा रंग होता ब्रशात. अक्षराच्या पोटातून एक ओघळ खाली आला. सर म्हणाले, "पूस लवकर, वाळला की निघत नाही." बस. त्यांच्यासाठी ती सुट्टीची गोष्ट होती.

काम चांगलं आहे खरं तर. फुलसावंगीच्या शाळेची रस्त्याकडची भिंत, लांबच लांब. बोलक्या भिंती करायच्या म्हणून मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं आणि वानखडे सरांनी, म्हणजे कल्याणीच्या (इथं नुसतं क.) वडिलांनी, विषय सुचवला: प्रामाणिकपणावरची इंग्रजांची जुनी बोलणी. वर इंग्रजी, खाली मराठी अर्थ. ते 'प्रामाणिकपणा हेच उत्तम धोरण' नको म्हणाले, ते प्रत्येक शाळेत आहे आणि कोणी वाचत नाही. रोज एक बोलणं सर समजावून सांगतात, मी अर्थ जुळवतो, त्यांना पटला की रंगवतो. कॉलेज सुटल्यापासून कोणी मला काही समजावून सांगितलं नव्हतं.

आजचं पहिलं. माणसाचा शब्द हाच त्याचा करार, अशा भावाचं. सर म्हणाले, तिकडचे जुने व्यापारी तोंडी सौदा करायचे, त्यावर माल जहाजात चढायचा. "ज्याचा शब्द पुरतो ना, त्याला कोणी शपथ घे म्हणत नाही." मी लिहिलं: दिलेला शब्द हीच सही. सर खूश. मग ब्रश धुवायला बसले, मग ते रविवारचं.

जेवलो नाही. आईला म्हणालो रंगाचा वास डोक्यात गेला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फजिती. सर तासावर होते म्हणून दुसऱ्या बोलण्याचा अर्थ मीच मोबाइलवर शोधला आणि मोठ्या अक्षरात ठोकून दिला: फावड्याला फावडंच म्हणा. शिपाई नामदेवकाका झाडू टेकवून उभे राहिले, दोनदा वाचलं.

"मंग काय टिकास म्हनाव का बे?"

मधल्या सुट्टीत सगळी शाळा फावडं फावडं ओरडत होती. एकाला धरणार होतो, सर आले. हसले. म्हणाले, अर्थ एवढाच की जे आहे ते त्याच्या नावानं बोलावं, साखर लावू नये. "तुला कशाला शिकवायचं हे? तू तर आधी बोलतोस, मग विचार करतोस."

पुसून लिहिलं: जे आहे ते आहे तसं म्हणा. खालचं फावडं अजून पुसट दिसतं.

सरांना कॉलेजचं माहीत आहे, सगळं नाही. यवतमाळला सेकंड इयरला एकानं बाकावर क. चं नाव माझ्या नावाला जोडून कोरलं. त्याला धुतला. माफीनामा दे म्हणाले, नाही दिला. चूक त्याची होती तर मी काहून देऊ? बॅग भरली, एसटीत बसलो. एवढंच सरांना माहीत, तेही नाव सोडून. क. स्टँडवर आली होती. म्हणाली, "बाकावरचं चार जणांनी वाचलं असतं. तुझ्या मारामारीनं पूर्ण कॉलेजनं वाचलं."

तेव्हाच सांगून टाकलं तिला. गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता, तशात सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, माझ्या मनात तसं नाही पवन, कधी नव्हतं. पण सांगितलंस ते बरं केलंस, आता तुझ्याशी नीट बोलता येईल.

बोलते नीट. तोच त्रास आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

आली होती. सरांचा डबा घेऊन. पळसानं पेट घेतलाय रस्त्याला, तिच्या ओढणीवर एक पाकळी होती, सांगितलं नाही.

भिंत वाचत वाचत आली. नव्या ओळीपाशी थांबली.

"हे काय लिहितोयस? छाती स्वच्छ करा?"

"डिक्शनरीत तसंच आहे."

"अरे वेड्या, शाळा आहे ही! पोट्टे काय करतील याचं, कळते का तुले?" हसून हसून डबा सांडायची वेळ. मग तिनंच सांगितलं. मनात दडवून ठेवलेलं सगळं एकदाचं बोलून टाकणं, काही मागं न ठेवता. त्याचं ते बोलणं आहे.

"मग मोकळं वाटते का त्यानं?"

"बोलणाऱ्याला वाटत असेल," ती म्हणाली. "ऐकणाऱ्याचं काय होतं ते इंग्रजांनी लिहिलं नाही."

मी ब्रश घासत बसलो रंगाच्या डब्याच्या कडेला. मग विचारलंच. उद्याचा कोण आहे?

लोहाऱ्याला कंपनीत आहे. यवतमाळलाच घर केलंय. मूळ उमरखेडचे. फोनवर एकदा बोलले दोघं. परीक्षेचा अभ्यास चालू ठेव म्हणाला, नोकरी लागली तर कर म्हणाला. "बाकीचे आले ना, कोणाला स्वयंपाक, कोणाला उंची. यानं विचारलं, तुला काय व्हायचंय. पहिल्यांदा कोणी विचारलं रे."

मी विचारलं नव्हतं कधी. मी फक्त मला काय होतंय ते सांगितलं होतं.

अर्थ तिचाच लिहिला: मनात दडवू नका, बोलून मोकळे व्हा.

९ फेब्रुवारी, रविवार

आईला सरांकडं मदतीला बोलावलेलं. घर गल्लीतच, चार दारं सोडून. मी वावरात गेलो. कपाशीच्या पऱ्हाट्या ओढत बसलो, गरज नव्हती.

संध्याकाळी आई: "पसंत केली बाप्पा. पोरगा गरीब वाटला. मान खाली घालून बसलता. त्याचा मामा तेवढा लय इचारते." आणि माझ्याकडं बघून, "हात काय झाले तुहे?"

काटे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चौकशीवाले आले. सकाळपासून गावात मोटरसायकल फिरत होती. आधी पानठेला, मग किराणा, मग न्हाव्याकडं. कोणी सांगत नाही आम्ही कोण, कोणी विचारत नाही तुम्ही कोण, आणि सगळ्यांना माहीत असतं. शेवटी भिंतीपाशी आले. पुढं बसलेला गॉगलवाला, खांद्यावर दुपट्टा. तोच मामा. मागं एक गप्प माणूस.

"अक्षर भारी आहे गा पेंटर. मास्तराचं काम दिसते हे इंग्रजी."

"हो."

"मास्तर कसे आहेत?"

"सरळ माणूस आहे."

"अन् पोट्टी?"

मी शिडीवरून उतरलो. ब्रश ठेवला. वाटलं, या माणसाच्या एका शब्दावर तिचं ठरणार आहे, तर याला उडवून लावायचं नाही. नीट सांगायचं. मनात वाईट आलं नाही असं नाही. एक वाक्य बोललो असतो तर स्थळ मोडलं असतं, ते वाक्य जिभेवर आलंही होतं. गिळलं. त्यानंतर तोंडातून जे आलं ते सगळं चांगलं होतं आणि सगळं खरं. सांगितलं की ती खोटं बोलत नाही. राग आला तर तोंडावर सांगते, मागून नाही. हॉस्टेलातली पोरगी तापानं फणफणली होती तेव्हा आपला पेपर सोडून तिच्यापाशी दवाखान्यात बसली. कोणाचं ऐकून घेते तर पूर्ण ऐकून घेते, मधे बोलत नाही. हसते तेव्हा...

"तुले लय माहीत हाये बे," मामा म्हणाला.

"एकाच कॉलेजात होतो."

"असं." दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "मंग आता खरं सांग, तुह्यावर इश्वास हाये. कॉलेजात कोनाशी काही?"

"नाही."

"नक्की ना?"

"तिच्या बाजूनं काही नाही."

मामानं गॉगल काढला. पहिल्यांदा डोळे दिसले त्याचे. गप्प माणसाला म्हणाला, चाल.

बरं वाटतंय. एक शब्द खोटा बोललो नाही. आज सरांनी सांगितलेलं चौथं बोलणं पण तसंच, पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर ठेवायचे, खाली नाही, म्हणजे सगळ्यांना दिसतात. माझे हात वर होते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नकार आला.

सध्या मुलाचा विचार नाही, असा निरोप. दुपारपर्यंत गावाला कळलं. पानठेल्यावर मी गेलो तर बोलणं बंद. एक जण मात्र मोठ्यानं म्हणाला, "काय पेंटर, मारली ना भांजी?" त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. सोडवताना प्रत्येक जण मलाच धरत होता, त्याला कोणीच नाही.

घरी आई. "काय बोलला तू त्या मानसाले?"

शब्दनशब्द सांगितला. आई भाकरी थापायची थांबली.

"तिच्या बाजूनं? असं म्हनला तू?"

"मग काय म्हणायचं होतं? खरंच आहे ते."

"अरे मंग कोनाच्या बाजूनं हाये ते त्यानं इचाराले पाह्यजे का? डोये नाहीत त्याले?" पीठ लागलेल्या हातानंच तिनं कपाळाला हात लावला. "चौकशीले कोनी उत्तर देते का रे पोरा! पोरगी सोनं हाये म्हनाव, घर चांगलं हाये म्हनाव, अन् आपलं काम कराव. सारं गाव तेच म्हनते. तेच आयकाले येतेत ते."

मग त्यांना कळतं कसं, म्हणालो, सगळे तेच म्हणतात तर?

"म्हनन्यातूनच कयते. कोन कसं म्हनते त्याच्यातून. तू तर... तुह्या तोंडावर लिवलेलं होतं अशीन."

म्हणजे आईला माहीत होतं. कधीपासून विचारलं नाही. भाकरी करपली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

क. भेटली. देवळाच्या मागं, हातपंपावर. भांडं नव्हतं हातात. मुद्दाम आली होती.

"काय सांगितलंस त्यांना?"

"खरं."

"किती खरं?"

मी सुरू केलं की मी तुझी तारीफच केली, एक शब्द वाईट बोललो असेन तर... तिनं हात वर केला. ती कधी मधे बोलत नाही. आज बोलली.

"त्यानं माझं विचारलं होतं. माझं! तू तुझं सांगितलंस. बाकावरही तेच, पवन. नाव माझं कोरलं होतं, राग तुला आला, मारलंस तू, कॉलेज सोडलंस तू. मला कोणी विचारलं का की मला काय करायचं आहे त्याचं?"

"मी मुद्दाम नाही केलं."

"माहीत आहे. तेच तर. मुद्दाम केलं असतंस तर शिव्या देता आल्या असत्या तुले."

रडली नाही. हातपंपाचा दांडा उगाच खालीवर करत होती, पाणी येईपर्यंत. पाणी आलं तर ओंजळ भरून तोंडावर मारलं आणि गेली.

वर ते वाक्य लिहिलं होतं ना मी, एक शब्द खोटा बोललो नाही, बरं वाटतंय. खोडावंसं वाटतंय. नाही खोडत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वाटलं होतं सर काम काढून घेतील. मुख्याध्यापक तसं म्हणाले म्हणे, दुसरा पेंटर पाहू. सर म्हणाले, याचं अक्षर सुरू आहे, यालाच करू द्या. मला चांगलं वाटलं नाही. ओरडले असते तर बरं होतं.

आज ते आलेच नाहीत भिंतीपाशी. पाचवं बोलणं कागदावर पाठवलं नामदेवकाकांच्या हाती. मी ऑफिसात गेलो. सर खिडकीपाशी पेपर तपासत होते. एकटेच.

"सर, याचा अर्थ नाही लागत. प्रामाणिक, इतका की तो दोष होईल. प्रामाणिकपणा दोष कसा?"

लाल पेन चालू होतं.

"काही माणसं असतात," म्हणाले, "आपला खरेपणा जपायच्या इतकी नादी लागतात की तो कोणाच्या पायावर पडतो ते पाहत नाहीत. त्यांचं काही जात नाही. खरं बोलून ती झोपतात." मग पेन ठेवलं. "हे नको लिहू भिंतीवर. पोरांना नाही कळायचं. सोड ती जागा."

"सर, मी..."

"पांढरा मार नुसता."

मारला. भिंतीत एक चौकोन रिकामा आहे आता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कामावर गेलो नाही.

तिला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग स्वतःचीच लाज वाटली. दुपारी उन्हात फिरलो, हरभऱ्याच्या सोंगणीवर बाया होत्या, मी दिसलो की गाणं थांबायचं. गावाला माझ्यावर राग नाही, गंमत वाटतेय. तिला मात्र कोणी गमतीनं बघत नाही. आई म्हणाली, किराण्याच्या दुकानात कोणी तरी बोललं, मास्तरच्या पोरीचं यवतमाळलेच काही तरी होतं, उगाच नाही स्थळ फिरलं.

म्हणजे बाक पुन्हा. या खेपेला मीच कोरलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सर घरी आले. कधी आले नव्हते. आईनं सतरंजी अंथरली, चहा ठेवला. चहा होईपर्यंत पाऊसपाण्याच्या गोष्टी. कप खाली ठेवून म्हणाले:

"मुलाचा फोन आला होता. मुलाचा स्वतःचा. त्याला कल्याणीच पाहिजे. घरात भांडला म्हणे. मामा ऐकत नाही. मामाचं म्हणणं, आग असल्याशिवाय... जाऊ दे ते. काल मी उमरखेडला गेलो होतो. मामा म्हणाले एका अटीवर माघार घेतो. त्या पेंटर पोराला समोर बसवा. त्यानं आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगावं की दोघांच्याही मनात कधीच काही नव्हतं, आपण खुन्नस म्हणून तसं बोललो."

आई चुलीकडं पाठ करून उभी राहिली.

"खुन्नस कशाची सर?"

"काहीही सांग. मी तुला मार्क दिले नाहीत म्हण. शाळेत मारलं होतं म्हण."

"तुम्ही कधी मारलं नाही मला."

"पवन." सरांचा आवाज फुटला. मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. धोतराचा... नाही, पँट होती, पँटच्या गुडघ्यावर हात घासत होते, लहान पोरगं घासतं तसे. "मी आयुष्यभर पोरांना कॉपी करू दिली नाही. त्यापायी बदल्या झाल्या माझ्या. माझ्या तोंडून हे मागणं निघतंय, मला कळत नाही का? पण ती माझ्यापाशी एकच गोष्ट मागून राहिली. ती पण मागत नाही. नुसती बसून राहते खोलीत."

"ती खोटं आहे सर. म्हणजे ते. माझ्या मनात होतं. आहे."

हे मी सरांना सांगितलं. तिच्या वडिलांना. आईसमोर.

सर म्हणाले, "ठाऊक आहे. भिंतीवरचा प्रत्येक अर्थ तू तिला दाखवायला लिहितोस, एवढं मला दिसत नाही का." मग उठले. "रविवारी येऊन राहिले ते. मी जबरदस्ती करत नाही."

दारात चप्पल घालताना मोठ्यानं आईला, "चहा छान होता वहिनी." सवयीनं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर ते पहिलं बोलणं डोक्यात. सरांनी सांगितलेलं, ज्याचा शब्द पुरतो त्याला शपथ लागत नाही. तेव्हा वाटलं होतं की ही इमानदार माणसाची थोरवी. आज वाटतं की ही त्याच्या गावाची थोरवी असेल. तिथं ऐकणारे तसे असतील. इथं मी खरं बोललो त्याला कोणी शब्द मानला नाही, आता खोटं बोलायचं तर त्याला आईचं डोकं पाहिजे.

आणि दुसरं. माझ्याकडं काय आहे? कॉलेज नाही, काम हे असं. एकच गोष्ट होती जिच्यात खोट नव्हती. तिनं घेतली नाही, ठीक. पण ती होती हे तरी खरं होतं. रविवारी म्हणायचं, ते नव्हतंच. तिच्यासमोर म्हणायचं. ती आतल्या खोलीत ऐकत असेल.

क. चा फोन आला. तीन दिवसांनी.

"बाबा आले होते तुझ्याकडं?"

"हो."

"मी त्यांना नको म्हटलं होतं." मग, "पवन, मला ते स्थळ पाहिजे. असं नाही पाहिजे. म्हणजे... पाहिजे. मला नाही माहीत. तू माझ्यासाठी म्हणून काही करू नको. तू माझ्यासाठी म्हणून केलेलं फार महाग पडतं मला."

"मग मी काय करू?"

"मीच सांगू का ते पण?" हसली, की रडली. फोन कट.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आईशी भांडलो. ती सकाळपासून म्हणतेय, ठेव हात. माझं काय होते? मी कायले मरते शपथेनं? तुह्या बापानं माह्या डोक्यावर हात ठेवून अशा किती खोट्या शपथा खाल्ल्या, हाओ न मी जित्ती.

मी म्हटलं तुझा विश्वास नाही तर मग डोळ्यांत पाणी कशाचं?

"कांदा कापून राह्यली."

कांदा नव्हता घरात.

मग ती बसली माझ्याजवळ. म्हणाली, "मले एवढं सांग. ते पोट्टी तुले हाव म्हनली असती तर तू हेच केलं असतं का? खरं सांगाले गेला असता का त्या मानसाले?"

नाही, म्हणालो. तेव्हा पळून गेलो असतो तिला घेऊन आणि गावाला शंभर खोट्या गोष्टी सांगितल्या असत्या.

"मंग खरं-खोटं बाजूले ठेव," आई म्हणाली. "तुले ते सोडाची हाये का नाही, ते पाह्य."

भिंतीवर गेलो नाही आजही. काय रंगवू?

२३ फेब्रुवारी, रविवार

आले. दोन गाड्या सरांच्या दारापुढं. गल्लीतले सगळे ओट्यावर, कोणी दाढी करतंय, कोणी गहू निवडतंय, सगळे तोंड इकडं करून. मुलगाही आला आहे. इथून खिडकीतून दिसला. बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत होता, उगाच. चांगला वाटला. रागवायला पाहिजे होतं, आला नाही राग. हे नवीनच.

नामदेवकाका येऊन सांगून गेले, बोलावतेत तुले. अन् मायले घेऊन ये म्हनते मामा.

काय बोलणार ते ठरलेलं नाही. खोटं लिहीत नाही, खरंच ठरलेलं नाही. मुलालाच बाजूला घेऊन सगळं सांगावं असं सकाळी वाटत होतं. होतं, माझं होतं, तिनं नाही म्हटलं, तेव्हाच संपलं तिच्याकडून. त्यानं मानलं तर मानलं. पण ते सांगणं पुन्हा माझंच सांगणं होईल का? मग वाटतं मामाला पाहिजे ते म्हणून टाकावं. नव्हतं काही. दोन शब्द. बोलून बघितले आत्ता, भिंतीकडं तोंड करून. पुन्हा बोललो, दुसऱ्यांदा सोपे गेले. त्याचीच भीती वाटली.

आई आत ठेवणीतलं लुगडं नेसतेय. केस विंचरून घट्ट बांधलेत तिनं, भांग सरळ काढलाय, हात नीट बसावा म्हणून असेल. तिकडून म्हणतेय, "थांबजो रे, आलीच मी."

थांबणार नाही. जे काय बोलेन ते माझ्या तोंडानं, आईच्या डोक्यावर हात ठेवून नाही. मामा चिडेल. चिडू दे. तिथं आधी क. ला विचारणार आहे, सगळ्यांसमोर, ती काय म्हणते ते. पहिल्यांदा. मग मी.

वही ठेवतो. आईच्या बांगड्या वाजून राहिल्या, पदर खोचतेय म्हणजे झालंच तिचं. चप्पल हातात घेतली आहे. बाहेर जातो, दार ओढतो आणि बाहेरून कडी घालतो.

हाक मारेल ती. मारू दे.